नाल काढलेल्या घोड्याला बूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा झाली की महिनाभर माझा फोन थांबत नाही. खंडोबाच्या यात्रेत घोडी बघायला आलेला माणूस माझ्या घोडीच्या पायातले काळे रबरी बूट बघतो, आधी हसतो, मग शेजारच्याला दाखवतो आणि शेवटी हळूच नंबर मागतो. तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

मी पशुवैद्य नाही आणि नालबंदही नाही. अंबाजोगाईच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात शेती करतो. नऊ वर्षांची एक काठेवाडी घोडी आहे आणि धनगराकडून घेतलेलं एक तट्टू. तट्टाला जन्मात कधी नाल लागली नाही. घोडीची नाल काढून तिला बुटांवर आणि मग अनवाणी चालवायला जे काही केलं, जे चुकलं, ते खाली आहे.

घोड्याला बूट? चेष्टा करता का?

चेष्टा नाही. कडक रबराचा किंवा टीपीयू नावाच्या चिवट प्लास्टिकचा डबा समजा, खुराच्या आकाराचा. खूर आत बसतो, पुढून-मागून पट्टे आवळतात, खिळा एकही नाही. रपेटीला निघताना घालायचा, घरी आलं की काढायचा. आपण पायताण वापरतो तसंच.

कल्पना नवीही नाही. खिळ्यांची नाल सगळीकडे रुळण्याआधी रोमन लोक लोखंडी तळाचं पायताण घोड्याच्या खुराला पट्ट्यांनी बांधत. युरोपात खोदकामात ती सापडलेली आहेत.

नाल मारून चाललंय की बरं. मग काढायची कशाला?

चाललं असेल तर घाई करू नका. हे मी प्रत्येकाला आधी सांगतो, आणि प्रत्येक जण हिरमुसतो.

खूर वरून दगडासारखा दिसतो, पण आत जिवंत आहे. वजन पडलं की टाचा किंचित फाकतात, उचललं की मिटतात. तळाला मधोमध जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, आमच्याकडचे नालबंद ज्याला पुतळी म्हणतात, तो जमिनीला टेकतो आणि धक्का पचवतो. त्याच्या वर टाचेत एक गादी असते. ती वापरात राहिली तर भरदार होते, नाही तर पोचट राहते. खिळ्यांनी जखडलेली लोखंडी नाल ही फाकण्या-मिटण्याची हालचाल बरीच रोखते आणि पुतळीला जमिनीपासून वर उचलते. डांबरावर लोखंड घसरतं ते वेगळंच.

माझं कारण मात्र एवढं शास्त्रोक्त नव्हतं. आपल्याकडच्या उन्हाने खूर वाळून काचेसारखा होतो, त्यात दर दीड महिन्याला नवे खिळे. घोडीच्या पुढच्या खुरांची कड इतकी ढासळली की खिळ्याला जागाच उरली नाही. नालबंद चाचांनी पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने कड चाचपली आणि तसाच खाली सोडला. म्हणाले, ‘अब किदर मारूं मैं?’ तिथून हे सुरू झालं.

नाल म्हणजे पाप, लोखंड म्हणजे जुलूम, असं सांगणारे लोकही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. काही घोड्यांना नालेचीच गरज असते.

कोणाची काढू नये?

पायात चालू दुखणं असेल तर आधी डॉक्टर. लॅमिनायटिस म्हणजे खुराच्या आतल्या पडद्यांची सूज, टाचेतल्या नॅव्हिक्युलर हाडाचा आजार, खोलवर गेलेली चीर, फारच पातळ तळवा, यांत स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. एक्स-रे काढल्याशिवाय आतलं हाड कसं बसलंय ते कोणालाच कळत नाही, अगदी चाळीस वर्षांच्या नालबंदालाही. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातून तिकडे पाठवायला सांगा.

आणि रोज पाय उचलून खूर साफ करायला तुम्हाला वेळ नसेल, तरीही काढू नका.

कोणत्या महिन्यात काढावी?

दिवाळीनंतर. जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, दगड तापलेला नसतो, आणि पुढे तीन-चार महिने बरे दिवस मिळतात.

मी काय केलं ते ऐका. मे महिन्यात, एकाच दिवशी, चारही पायांची नाल काढली. दुसऱ्या दिवशी घोडी अंगणात बरी चालली म्हणून तिसऱ्या दिवशी खोगीर टाकून सहा किलोमीटरवरच्या गावाला लग्नाला निघालो. जाताना माती, येताना गिट्टी अंथरलेला नवा रस्ता. परतीला तिने पाय चोरायला सुरुवात केली. मी खाली उतरलो आणि उरलेलं अंतर लगाम धरून पायी आलो. घरी येऊन खूर उलटा केला तर तळव्यावर रुपयाएवढा लालसर डाग. आत रक्त साकळलेलं. तीन आठवडे घोडी दावणीला. यात चाचांचा दोष नव्हता, घोडीचा नव्हता. बूट तेव्हा मी मागवलेसुद्धा नव्हते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बुटांची चौकशी, मग नाल काढणं, लगेच माप, आणि बूट हातात येईपर्यंत घोड्याला मऊ जमिनीवर आराम. खोगीर नाही.

नाल काढताना नालबंदाला काय सांगायचं?

आदराने सांगायचं, कारण त्यांच्या पोटावर पाय देतोय असं त्यांना वाटू शकतं. मी म्हणालो, ‘चाचा, नाल काढा, पण खूर साळायला दर महिन्याला तुम्हीच या, पैसे तेवढेच.’ साळणं म्हणजे वाढलेला खूर कापून-घासून आकारात आणणं. मग त्यांचा चेहरा निवळला. तरी जाता जाता बायकोला म्हणालेच, ‘भाभी, घोडी को नंगे पाँव चलाते क्या ये?’

कामाचं असं. वळवलेली खिळ्यांची टोकं आधी नीट उघडायची, मग नाल टाचेकडून थोडी थोडी सैल करत काढायची. ओढाताण केली तर कडेचा तुकडा नालेबरोबर निघून येतो. नंतर कड कानशीने गोल करायची, रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखी बोथट, म्हणजे ती दगडाला अडकून फुटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तळवा आणि पुतळी कोरायची नाही. नाल ठोकण्याआधी तळ सुरीने पांढराशुभ्र करायची बहुतेकांच्या हाताला सवय असते. नालेच्या घोड्याला ते एक वेळ चालून जातं. अनवाण्या घोड्याला तोच थर म्हणजे चपलेचा तळ. पुतळीचे लोंबणारे कुजके तुकडे तेवढे काढा, बाकी राहू द्या.

पुढे दर चार-पाच आठवड्यांनी थोडं थोडं साळायचं. दोन महिने सोडून एकदम भरपूर नको.

नाल काढल्यावर घोडा जपून जपून चालतो. दुखतंय की सवय नाही?

दोन्ही असू शकतं, पण ओळखता येतं.

मऊ मातीवर मोकळा चालतो आणि खड्यांवर पाय चोरतो, तर तळवा अजून कोवळा आहे. बुटाचं काम नेमकं इथेच आहे. मऊ मातीवरही लंगडतो, एकाच पायावर वजन टाकत नाही, खूर हाताला गरम लागतो, तर प्रकरण वेगळं आहे. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघायला शिका. निरोगी पायात ती जेमतेम लागते. ती ठणठण उडत असेल तर खुरात सूज आहे किंवा पू धरतोय. डॉक्टर बोलवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. दुखणं दाबायची गोळी देऊन घोडा चालवू नका, त्याने पाय बरा होत नाही, फक्त तो तुम्हाला सांगायचा थांबतो.

आणखी एक बघा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घोडा बाजूने चालतानाचा व्हिडिओ घ्या, फोन जमिनीलगत धरून. निरोगी पाऊल टाचेवर किंवा सपाट टेकतं. टोक आधी टेकत असेल तर तो टाच वाचवतोय. माझ्या घोडीचं पुढचं उजवं पाऊल असंच टेकायचं. बूट घालून, आत फोमची गादी टाकून चालवली तर पहिल्याच दिवशी टाच आधी टेकली. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही. दुखत नसेल तरच घोडा टाच वापरतो आणि वापरली तरच टाच तयार होते, यासाठी बूट.

चारी पायांना बूट लागतात का?

बहुधा पुढच्या दोनच. घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचे खूर लवकर सावरतात. आधी पुढची जोडी घ्या, गरज दिसली तर मागची.

माप कसं घ्यायचं?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मीही फसलो. एका विक्रेत्याला फोनवर फोटो पाठवले, त्याने अंदाजाने माप सांगितलं, बूट आले ते गाडग्यात मुसळ घातल्यासारखे सैल. बदलून देईनात. तेव्हा माप स्वतःच घ्या.

खूर साळून झाल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत माप घ्या. महिनाभर वाढलेल्या खुराचं माप घेतलं तर साळल्यावर बूट ढिला पडतो. खूर घासून स्वच्छ करा. कोणाला तरी पाय धरायला सांगा. स्टीलची पट्टी घ्या, कापडी टेप नको, टेप खुराच्या गोलाईवर वळतो आणि माप वाढतं.

रुंदी म्हणजे तळाकडून बघताना खूर जिथे सगळ्यात रुंद आहे तिथलं अंतर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. लांबी म्हणजे पुढच्या टोकापासून टाचेपर्यंत; आणि टाच म्हणजे खुराची भिंत, म्हणजे बाहेरची कडक बाजू, जिथे संपून आत वळते, जिथे वजन पडतं, ती रेघ. त्याच्या मागे जे मांसल गोळे असतात ते मोजायचे नाहीत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मी सुताराचा गुण्या टाचेला लावतो म्हणजे पट्टी तिरकी जात नाही.

मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पायांचं वेगळं लिहा. माझ्या घोडीचा पुढचा डावा १०८ रुंद, ११८ लांब, आणि उजवा १११ रुंद. माणसाचेही दोन पाय सारखे नसतात. आपल्या काठेवाडी-मारवाडी घोड्यांचे खूर बरेचदा रुंदीपेक्षा लांब असतात आणि काही परदेशी बूट गोल खुरासाठी बनवलेले असतात. कंपनीच्या तक्त्यात लांबी आणि रुंदी दोन्ही बसली पाहिजे. एकच बसत असेल तर दुसरी कंपनी बघा.

कुठे मिळतात, किती पडतात?

मला लातूरला मिळाले नाहीत, संभाजीनगरलाही नाहीत. परदेशी कंपन्यांचे बाहेरून मागवावे लागतात. स्कूट बूट ऑस्ट्रेलियाचे, त्यांना दोऱ्या किंवा वेल्क्रो नाही, रबरी पट्टे खुंट्यांना अडकवायचे. कॅव्हॅलो वेल्क्रोवाले. ईझीबूट आणि रेनेगेड अमेरिकेचे. मी चौकशी केली तेव्हा जोडीला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर, त्यावर भाडं आणि आयातशुल्क. स्वस्त अजिबात नाहीत. मोठ्या शहरांतल्या घोडेस्वारी क्लबांत जुने बूट विकायला निघतात, ओळख काढा. वापरलेला बूट चालतो, तळ किती झिजलाय आणि पट्टे तुटलेत का एवढं बघायचं. पट्टे सुटे मिळतात.

आपल्या चिखलाला आणि काट्याकुट्याला वेल्क्रो मला फारसा पटला नाही. कुसळं अडकली की त्याची पकड जाते.

टायरचे किंवा चामड्याचे गावातच शिवून घेतले तर?

हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो, आणि विचारणारच, कारण आपल्याकडे टायरच्या चपला करणारे हात अजून आहेत. मी करून बघितलं. चामड्याचा तळ दोन रपेटींत झिजला. टायरचा झिजला नाही, पण दुडकीला खुराभोवती फिरला आणि घोडी स्वतःच्याच पायात अडखळली. बूट फिरला तर घोडा पडतो आणि वर तुम्ही असता.

दावणीला उभ्या घोड्यासाठी मात्र घरगुती उपाय चालतो. खुरात पू झाला, औषधाची पट्टी ठेवायची आहे, तर लहान मुलाचा डायपर खुरावर गुंडाळा आणि वरून रुंद चिकटपट्टीचे आडवे-उभे थर द्या. हसू नका. चिकटपट्टी खुराच्या वरच्या केसाळ कडेवर आवळू नका एवढंच.

पहिल्या दिवशी किती वेळ घालायचे?

वीस मिनिटं, हातात धरून, चालत. घरी येऊन बूट काढा आणि टाचेचे गोळे, पिछाडीची दोरी बांधतो तो भाग, आणि खुराची वरची कड बोटाने चाचपा. केस उलटे फिरलेत का, गरम लागतंय का. ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास. आठवडाभराने खोगीर, तेही चालीतच. दुडकी त्यानंतर. चौखूर उधळायची घाई नको.

बूट नीट बसलाय का हे चालवून कळतं. घोड्याला छोट्या गोलात दोन्ही बाजूंना वळवा, बूट जागचा हलता कामा नये. मागून बघा, टाच वर-खाली होते का. खुराच्या पुढच्या भिंतीत आणि बुटात पोकळी नको.

सुरुवातीला घोडा पाय उंच उचलून चालतो, मांजराच्या पायाला कागद चिकटवल्यासारखा. पाच मिनिटांत विसरतो.

टाच घासली गेली. आता?

जखम भरेपर्यंत बूट बंद. मग कारण शोधा: बूट मोठा आहे, पट्टा सैल आहे, आत वाळू गेली, किंवा खूर वाढलाय आणि साळायचा राहिलाय. कंपन्या टाचेसाठी मऊ पट्ट्या देतात. मी खेळाडू वापरतात ती चिकट कापडी पट्टी लावली. नव्या बुटाने चावणं हे माणसालाही चुकलं नाही, पण दर वेळी तिथेच चावत असेल तर माप चुकलंय.

रात्रंदिवस ठेवले तर लवकर फरक पडेल ना?

नाही. आपल्या उन्हात आतलं खूर घामाने आणि ओलीने शिजतं, मऊ पडतं, सडायला लागतं. शिवाय हवा आणि जमीन लागल्याशिवाय तळवा घट्ट होत नाही. रपेट संपली की काढा, पाण्याने धुवा, सावलीत उपडे ठेवा. उन्हात वाळवले की पट्टे कडक होतात.

काळ्या रानात, पावसाळ्यात चालतात का?

डोंगरातल्या मुरमाड वाटेवर बूट झकास. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठच्या काळ्या चिकणीत, आषाढ-श्रावणात, त्यांचा काही उपयोग नाही. उलट त्रास.

गेल्या पावसाळ्यात पाहुण्यांकडे गेवराईकडे घोडी नेली होती. कापसाच्या रानाच्या बांधावरून जात होतो, बांध खचला आणि घोडी दोन पावलं रानात उतरली. पुढचा डावा पाय वर आला तो अनवाणीच. बूट चिखलाने गिळला. मी, पाहुणे आणि त्यांचा सालगडी, आम्ही तिघं तुरीच्या काठीने अर्धा तास चिखल ढवळत होतो. सापडला तेव्हा त्याच्या आत चिकणमातीचा साचा तयार झाला होता, गणपतीचा साचा भरावा तसा. सालगडी म्हणाला, ‘मालक, याच्यापेक्षा नाल बरी हुती, ती गेली तर नवी मारता येती.’ बरोबरच होतं त्याचं.

पण चिखलात बुटाची गरजच कुठे असते? मऊ जमिनीवर घोडा अनवाणी चालवा. बूट फक्त टोचऱ्या जमिनीसाठी. ओल्या गवताच्या उतारावरही बूट घसरतो, तिथे उघडा खूर जास्त पकडतो.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात घोड्याचा पाय अडकतो. ते बुटाने टळत नाही. तिथून घोडा नेऊच नये.

वरातीच्या घोड्याला चालतील का?

चालतील, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. चार-चार तास डांबर नाही तर सिमेंटचा रस्ता, पाठीवर नवरदेव, समोर डीजे. लोखंडी नाल सिमेंटवर घसरून वरातीत घोडा बसल्याचं तुम्हीही पाहिलं असेल. रबर पकडतं.

अडचण नाचाची. जो घोडा मागच्या पायांवर उभा राहतो किंवा जागच्या जागी टापा आपटतो, त्याच्या बुटाच्या पट्ट्यांवर ताण येतो. जोडीला दोन-चार जास्तीचे पट्टे खिशात ठेवा. मालक लोक म्हणतात की नालेचा टापटाप आवाज गेला तर गिऱ्हाईकाला मजा येत नाही. डीजेपुढे टापांचा आवाज कोणाला ऐकू जातो, हे मला समजलेलं नाही.

खुराला घाण वास येतो, काळं पाणी येतं.

पुतळी सडतेय. शेण-मुताच्या ओल्या जागेत उभ्या घोड्याला हे होतंच, बूट ओले ठेवले तर लवकर होतं. बूट घालून झाकू नका, आत ते अधिक वाढतं. जागा कोरडी करा, पुतळीच्या बाजूच्या खोबणी आणि मधली चीर रोज साफ करा, पाणी मिसळलेल्या पोव्हिडोन आयोडीनचा कापूस मधल्या चिरेत भरा. मोरचूद आपल्याकडे सर्रास वापरतात. ते सडण थांबवतं खरं, पण उघड्या जिवंत भागावर पूड टाकली तर भाजतं. घोडा पुन्हा पाय देत नाही. आठवड्यात वास गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

बाभळीचा काटा बुटातून जाईल का?

छोटा नाही. वेड्या बाभळीचा लांब, वाळलेला काटा पातळ तळाच्या बुटातून जाऊ शकतो. आणि अनवाण्या पायात तर जातोच. खिळा किंवा काटा पुतळीत अथवा तिच्या बाजूच्या खोबणीत घुसला असेल तर ती तातडीची वेळ समजा, कारण त्याच्या वरच सांधा आणि नॅव्हिक्युलर हाड आहे. डॉक्टर जवळ असतील तर उपटू नका, त्यांना दिशा आणि खोली बघू द्या. पाऊल टेकून तो आणखी आत जाणार असेल तर काढा, पण कुठे आणि किती आत होता त्याची खूण करून ठेवा, फोटो काढा. धनुर्वाताची लस घोड्याला दिलेली आहे ना? घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. बुटांआधी ती लस.

खाण्याचा खुराशी काय संबंध?

हा भाग वाचणारे निम्मे लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी मला फोन करतात की बूट घेऊनही घोडा सुधारत नाही.

खूर पोटातून वाढतो. साखर आणि पिष्ट जास्त झालं की खुरातली भिंत आणि हाड यांना धरून ठेवणारे पडदे सुजतात. जोरात सूज आली तर तो लॅमिनायटिस: घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा राहतो, हलत नाही. पण हलकी सूजही असते, जी दिसत नाही, फक्त घोडा कायम खड्यांवर ‘ओय ओय’ करत चालतो आणि मालक म्हणतो, याचा तळवाच नाजूक आहे.

आपल्याकडे काय होतं बघा. कारखाना सुरू झाला की उसाचं वाढं फुकट मिळतं, घोड्याला भारे टाकले जातात. तोबऱ्यात हरभरा आणि वर गूळ, कारण घोडा तकतकीत दिसला पाहिजे. लग्नात पाहुणे हाताने बुंदी चारतात. पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत आलंच. घोड्याच्या मानेवरची कड दाबून बघा, ती टणक आणि जाड झाली असेल तर तुमचा घोडा तकतकीत नाही, लठ्ठ आहे.

मी वाढं बंद केलं, गूळ बंद केला, हरभरा काम असेल त्या दिवशी मूठभर. ज्वारीचा कडबा, वाळलेलं गवत, थोडा लसूणघास, आणि तांबं व जस्त असलेलं मिनरल मिक्श्चर. खुराची नवी वाढ दोन महिन्यांत वरच्या कडेला वेगळी दिसायला लागली, जुन्यापेक्षा गुळगुळीत आणि घट्ट.

घोडा दावं तोडून खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीत घुसला आणि पोटभर खाल्लं, तर लंगडायची वाट बघू नका. त्याच तासाला डॉक्टर. लंगडणं एक-दोन दिवसांनी येतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

किती दिवसांत घोडा अनवाणी चालेल?

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेपासून टोकापर्यंत पूर्ण नवा खूर यायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणजे खिळ्यांच्या भोकांची शेवटची खूण घासून जायलाच काही महिने जातात. धनगरांच्या तट्टांकडे बघून आपला घोडा महिन्यात तसा होईल असं समजू नका, ती शिंगरू असल्यापासून दगडात चाललेली असतात.

माझी घोडी चौथ्या महिन्यात डांबरावर बिनबुटाची चालली, सहाव्यात मुरमावर. गिट्टीवर अकरावा महिना संपला तरी बूट लागत होते.

मधल्या काळात रोज थोडं अनवाणी चालवायचं, घोडा मोकळा चालेल तेवढंच. घरच्या घरी एक गोष्ट करा. ग्रीक घोडदळातला झेनोफॉन इसवी सनपूर्व चौथ्या शतकात सांगून गेलाय की घोड्याच्या उभं राहण्याच्या जागी मुठीत मावतील असे गोल दगड पसरावेत, खूर घट्ट होतात. मी एवढे मोठे नाही वापरले. पाण्याच्या हौदाभोवती सहा-सात फूट जागेत नदीच्या सुपारीएवढ्या गोल गोट्यांचा वीतभर जाडीचा थर टाकला. घोडी दिवसातून पाच-सहा वेळा पाणी प्यायला जाते, तेवढा वेळ त्यावर उभी राहते. कडा धारदार असलेली गिट्टी टाकू नका.

परत नाल मारावी लागली तर बूट वाया जातील?

मारावी लागली तर मारा, त्यात कमीपणा नाही. चाचांच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने सहा महिने प्रयत्न करून परत नाल मारली. त्याचा घोडा रोज वीट-वाळूच्या गाडीला असतो, त्याला आराम द्यायला जमत नव्हतं.

बूट टाकू नका. नालेच्या घोड्याची एक नाल वाटेत, डोंगरात, कधी ना कधी निघतेच. उघड्या खुराच्या मापाचा एक बूट खोगिराच्या मागे बांधलेला असला की घोडा घरापर्यंत न लंगडता येतो. फक्त अर्धवट लोंबणारी नाल आधी पूर्ण काढायला हवी, नालेवरून तो बूट बसत नाही. त्यासाठी एक छोटा जंबूर सोबत ठेवा.